शालेय पोषण आहार: नियमातले ग्रॅम ताटापर्यंत कसे पोचवायचे

पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने हे आकडे मुलांचा हक्क म्हणून ठरवून दिले आहेत. योजनेचे नाव २०२१ मध्ये प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे झाले; गावात मात्र ती अजून शालेय पोषण आहार किंवा सरळ 'खिचडी' म्हणूनच ओळखली जाते. हा लेख मुख्याध्यापक, आहाराचे काम पाहणारे शिक्षक, स्वयंपाकी ताई आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांच्यासाठी आहे. शाळेतच स्वयंपाक होतो असे इथे धरले आहे. शहरांत केंद्रीय स्वयंपाकगृहातून डबे येतात, तिथे मोजमापाचा भाग गाळून चव, तापमान आणि वाढपाचा भाग तेवढा वाचावा.

नियम कागदावर चांगला आहे. तो घसरतो कोठीघराच्या दारात, धान्य अंदाजाने काढले जाते तेव्हा. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

माप

कॅलरी आणि प्रथिने स्वयंपाकघरात मोजता येत नाहीत, शिधा मोजता येतो. प्राथमिकच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. मीठ-मसाला गरजेप्रमाणे. ही सगळी मापे कच्च्या वस्तूंची आहेत, शिजलेल्या अन्नाची नव्हेत.

दहा-दहा मुलांचा तक्ता करून कोठीघराच्या दारावर लावला की रोजचा गुणाकार सोपा होतो. लहान गटातल्या दहा मुलांना १ किलो तांदूळ, २०० ग्रॅम डाळ, ५०० ग्रॅम भाजी, ५० ग्रॅम तेल. मोठ्या गटातल्या दहांना दीड किलो तांदूळ, ३०० ग्रॅम डाळ, ७५० ग्रॅम भाजी, ७५ ग्रॅम तेल.

समजा आज पहिली ते पाचवीची ८४ आणि सहावी ते आठवीची ४६ मुले हजर आहेत. तांदूळ ८.४ अधिक ६.९, म्हणजे १५.३ किलो. डाळ ३ किलो ६० ग्रॅम. भाजी ७ किलो ६५० ग्रॅम. तेल ७६५ ग्रॅम. तेल लिटरच्या मापाने काढत असाल तर हे साधारण ८४० मिलिलिटर होते, कारण तेल पाण्यापेक्षा हलके असते.

यात सर्वांत आधी कापली जाते ती डाळ, आणि नुकसान नेमके तिथेच होते. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० कॅलरी मिळतात, पण प्रथिने जेमतेम ७-८ ग्रॅम. २० ग्रॅम डाळ त्यात सुमारे ५ ग्रॅमची भर घालते, तेव्हा कुठे १२ चा आकडा गाठला जातो. डाळ निम्मी केली तर खिचडी तेवढीच दिसते, पातेले तेवढेच भरते, मुलाचे पोटही भरते; प्रथिने मात्र दहाच्या आसपास अडकतात. मोठ्या मुलांच्या बाबतीत तर अजिबात सवड नाही. १५० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ पूर्ण पडली तरच २० ग्रॅमच्या जवळ जाता येते. तांदूळ थोडा कमी-जास्त झाला तर एकवेळ चालेल, डाळीत तडजोड करू नये.

त्यासाठी दोन वजनकाटे लागतात. गोणी तोलायला एक आणि दहा किलोपर्यंतचा, दहा-वीस ग्रॅमचा फरक दाखवणारा दुसरा. डबा, शेर, वाटी यांच्या मापात धान्याच्या जातीप्रमाणे आणि हात किती दाबून भरतो यावर वजन बदलते. मापाचा डबाच वापरायचा असेल तर त्यात तांदूळ किती ग्रॅम बसतो, तूरडाळ किती, मटकी किती, हे एकदा काट्यावर पाहून डब्यावर रंगाने लिहून ठेवावे.

हजेरीची वेळ

शिधा पटावरच्या संख्येवर काढायचा नाही, त्या दिवशी जेवणाऱ्या मुलांवर काढायचा. हजेरी घेतल्यावर वर्गावर्गातून आकडा येतो, त्यात उशिरा येणारी दोन-चार मुले धरावीत, आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली तांदूळ तोलून द्यावा. बाजाराचा दिवस, जत्रा, भातलावणी, ऊसतोडीचा हंगाम या काळात उपस्थिती एकदम खाली येते. अशा दिवशी कालच्याच मापाने धान्य काढले की अन्न उरते, नोंदवही आणि कोठी यांचा मेळ बसत नाही, आणि महिनाअखेरीस तो बसवण्यासाठी कुणीतरी आकडे फिरवते. रोजच्या रोज खरा आकडा भरला तर ही वेळच येत नाही. वरच्या उदाहरणातल्या शाळेला २२ दिवसांना साधारण ३३७ किलो तांदूळ लागेल. कोठीतली शिल्लक या हिशेबापासून फार दूर असेल तर कारण त्याच आठवड्यात शोधावे.

माल ताब्यात घेताना

महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या शाळांना तांदूळ आणि डाळी-कडधान्ये, तेल, मसाले वस्तुरूपात येतात. भाजीपाला आणि इंधनासाठी पैसे मिळतात. गाडी आली की चालक घाईत असतो. तरी प्रत्येक गोणी काट्यावर ठेवूनच सही करावी. वजन कमी भरले तर पावतीवर प्रत्यक्ष मिळालेले वजन लिहावे आणि चालकाची सही घ्यावी. नुसते तोंडी सांगितलेले नंतर कुणी मानत नाही. मालाला कुबट वास, जाळी, ओल, गाठी किंवा सोंडे दिसले तर माल स्वीकारू नये, आणि समितीच्या दोन सदस्यांसमक्ष तसे लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे. तेल-मसाल्याच्या पाकिटावर ॲगमार्क, उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम तारीख पाहावी.

गोण्या जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फळ्या किंवा लोखंडी मांडणी असावी, भिंतीपासून हातभर अंतर असावे, आणि आधी आलेला माल आधी संपवावा. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर ओल गोणीच्या तळातून चढते, म्हणून जूनच्या आधीच डाळी झाकणाच्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यांत हलवाव्यात. किड्यांसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि ऊन एवढेच. विषारी गोळ्या किंवा फवारणी कोठीघरात नको.

त्याचबरोबर तेल, पाणी किंवा धान्य कधीही शेतीच्या औषधाच्या जुन्या डब्यात भरू नये, तो कितीही घासलेला असो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले जेवण खाऊन २३ मुले गेली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ते स्वयंपाकाच्या तेलातून आले होते, आणि तेलाचा वास बरोबर नाही हे स्वयंपाकघरात आधीच लक्षात आले होते. म्हणून एक नियम ताईंना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावा: वास किंवा रंग वेगळा वाटला तर स्वयंपाक थांबवण्याचा पूर्ण अधिकार त्यांना आहे, आणि त्यासाठी कुणीही त्यांना बोल लावणार नाही.

तांदळातले वेगळे दाणे

पोषणतत्त्व गुणसंवर्धित तांदळात शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा वेगळा असतो. तो तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून तयार करतात. रंगाने थोडा पिवळसर किंवा जास्त पांढरा, काही वेळा पाण्यावर तरंगणारा. हाच दाणा पाहून 'प्लास्टिकचा तांदूळ आला' अशी ओरड होते आणि ताई तो निवडून टाकतात. पालकसभेत मूठभर तांदूळ ताटात पसरून तो दाणा दाखवावा, बोटांनी कुस्करून दाखवावा. शंका तिथेच मिटते. हा तांदूळ एक-दोन पाण्यांतच धुवावा, रात्रभर भिजवू नये आणि पेज काढून टाकू नये, कारण जीवनसत्त्वे त्या पाण्याबरोबर जातात. पाणी मोजून घालून त्यातच जिरवावे.

भाजी

५० ग्रॅम भाजी म्हणजे निवडलेली, खाण्याजोगी भाजी. मेथीची जुडी निवडली की जवळपास निम्मी उरते. कोबी, भोपळा, गाजर यांत घट कमी. खरेदी करताना हा फरक धरावा. बटाटा आणि कांदा घालून वजन पूर्ण करायची सवय सगळीकडे आहे, पण त्याने पोषण फारसे वाढत नाही. निम्म्याहून जास्त वजन लाल भोपळा, गाजर, पालेभाजी, शेंगभाजी, टोमॅटो यांचे असेल असे पाहावे.

शेवग्याच्या पाल्याला कुठल्याही शाळेने नाही म्हणू नये. एक झाड परसबागेत असले की वर्षभर पाला मिळतो. त्याचे देठ ओरपून काढावेत, पाला धुऊन बारीक चिरावा आणि वरण उकळत असताना शेवटच्या पाच मिनिटांत घालावा. आधी घातला तर कडवट होतो आणि मुले तो ताटाच्या कडेला काढून ठेवतात. कोणतीही भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरलेली भाजी पाण्यात ठेवू नये.

परसबागेला मोठी जागा लागत नाही. हात धुण्याच्या नळाचे सांडपाणी चर काढून वळवले तर दोन वाफे पालक-मेथी, कडेला कढीपत्ता, कुंपणावर दोडका आणि कोपऱ्यात शेवगा-पपई एवढे सहज निघते. उन्हाळी सुटीत पाणी कोण घालणार, हे एप्रिलमध्येच ठरवावे लागते. बहुतेक बागा तिथेच वाळतात.

आठवड्याची आखणी आणि मोड

राज्याने २०२४ मध्ये भाताचा पदार्थ, मोड आलेले कडधान्य आणि गोड पदार्थ अशी तीन भागांची रचना आणली. जानेवारी २०२५ मध्ये पाककृतींत पुन्हा बदल झाले. २०२३ च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक अंडे किंवा अंडे न खाणाऱ्यांना केळे दिले जात होते; तेही आता लोकसहभागावर सोपवले आहे. शक्य असेल तिथे गावाने ते चालू ठेवावे. एका अंड्यातून ६ ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात, म्हणजे लहान मुलाच्या त्या जेवणाच्या गरजेच्या निम्मी. वाढदिवस, बारसे, पुण्यतिथी अशा निमित्ताने स्नेहभोजन देणाऱ्यांना जिलेबीऐवजी अंडी, केळी, शेंगदाणा-गुळाचे लाडू सुचवावेत. बाहेरून शिजवून आणलेले अन्न घ्यायचे असेल तर तेही शिक्षकांनी आधी चाखलेच पाहिजे.

मोडाच्या उसळीचा दिवस ठरवताना एक साधी गोष्ट विसरली जाते. सोमवारी उसळ हवी असेल तर कडधान्य रविवारी भिजवून बांधावे लागते, आणि तेव्हा शाळा बंद असते. म्हणून उसळ मंगळवार ते शुक्रवारच ठेवावी. आदल्या दिवशी सकाळी शाळा उघडताच मटकी किंवा मूग निवडून धुऊन चौपट पाण्यात भिजत घालावे. शाळा सुटताना पाणी पूर्ण निथळून स्वच्छ ओल्या सुती कापडात सैल बांधावे आणि चाळणीत ठेवून झाकावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोड तयार असतात. थंडीत, विशेषतः नाशिक आणि विदर्भाकडे, कोमट पाण्यात भिजवून चुलीजवळ उबेला ठेवावे. उन्हाळ्यात घट्ट बांधले की बुळबुळीत होऊन आंबूस वास येतो. असे मोड टाकून द्यावेत, धुऊन वापरू नयेत. मोड कच्चे वाढू नयेत. ज्या उबेत आणि ओलीत मोड येतात त्यातच जंतूही वाढतात, म्हणून किमान दहा मिनिटे वाफवावे किंवा उसळ पूर्ण शिजवावी. वरून लिंबू पिळले की त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह जास्त शोषले जाते.

शिजवणे आणि वाढणे

१५ किलो तांदळाची खिचडी एका पातेल्यात केली की तळ लागतो आणि वरचा थर कच्चा राहतो. दोन पातेली करावीत. तांदूळ-डाळीच्या एकत्र वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरावे. डाळ जुनी असेल तर ती आधी अर्धा तास भिजवावी. मीठ आयोडीनयुक्त, शेवटाकडे आणि वजन करून. मोठ्या माणसानेही दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा मुलाच्या एका जेवणात दीड ग्रॅमच्या वर जाऊ नये. १३० ताटांना २०० ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरते.

शिजल्यापासून वाढेपर्यंत अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर, झाकलेले असावे. हाताला सोसणार नाही इतके गरम असेल तर साधारण ठीक. कोमट भात हा सर्वांत धोकादायक प्रकार आहे. त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो आणि त्याचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात दुसऱ्या दिवशी वापरू नये आणि मुलांबरोबर डब्यात घरी पाठवू नये.

वाढण्याआधी साधारण अर्धा तास अन्न चाखावे: एक शिक्षक, स्वयंपाकी ताई आणि जमेल तिथे एक पालक. चव नोंदवहीत वेळ, पदार्थ, शेरा आणि सही. महिनाभराचे 'चव चांगली' एकाच शाईने एकाच बैठकीत लिहिलेले सहज ओळखू येते, आणि काही घडले तर त्या वहीचा काहीच उपयोग होत नाही. वाढलेल्या अन्नाचा नमुना झाकणाच्या स्वच्छ डब्यात २४ तास बाजूला ठेवावा, त्यावर तारीख घालून.

वाढपासाठी एक डाव ठरवावा. २०० ग्रॅम खिचडी बसणारा डाव घेतला तर लहान गटाला दोन आणि मोठ्या गटाला तीनाच्या वर पडतात. पहिलीच्या मुलाला सगळे एकदम वाढू नये. आधी एक डाव, मग फिरून दुसरा. उष्टे टाकणे बऱ्याच अंशी इथेच थांबते. ताटात काय उरते ते आठवडाभर पाहिले तर कोणता पदार्थ बदलायला हवा हे कळते.

हात धुण्याची वेळ वेळापत्रकात धरावी लागते. १३० मुले, पाच नळ, एकाला अर्धा मिनिट: १३ मिनिटे. पाचच मिनिटे दिली तर मुले हात ओले करून पळतात. दोन इंची पाइपला भोके पाडून तोट्या बसवल्या की कमी खर्चात नळ दुप्पट होतात. साबण लहान तुकडे करून जाळीच्या पिशवीत नळाला बांधावा.

ताईंची संख्याही पाहावी. २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन आणि पुढच्या प्रत्येक शंभरामागे एक स्वयंपाकी-मदतनीस असा निकष आहे. म्हणजे १३० मुलांना तीन. दर सहा महिन्यांनी त्यांची आरोग्य तपासणी व्हावी. जुलाब-उलटी झालेल्या ताईने पूर्ण बरे वाटल्यावरही दोन दिवस स्वयंपाकात हात घालू नये. मानधन कापले जाईल या भीतीने आजार लपवला जातो, म्हणून बदली ताईचे नाव आधीच ठरवून ठेवावे.

दाराबाहेरचे खाणे

मधल्या सुट्टीत दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाने भूक मेली की खिचडी ताटात तशीच राहते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार संपृक्त मेद, ट्रान्स फॅट, साखर किंवा सोडियम जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात, आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, फुकट वाटता येत नाहीत आणि त्यांची जाहिरातही करता येत नाही. तसा फलक फाटकावर लावणे शाळेचे काम आहे. उपाहारगृह चालवणाऱ्याकडे प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना हवा.

आधी टेपने ५० मीटर मोजून खूण करावी. मग आतल्या दुकानदारांना मुख्याध्यापक आणि सरपंचांनी मिळून भेटावे, काय ठेवू नये याची यादी द्यावी आणि काय विकता येईल हेही सांगावे: चिक्की, फुटाणे, राजगिरा लाडू, उकडलेल्या शेंगा, पेरू, काकडी, ताक. गावातल्या माणसाचा धंदा बुडवायचा नाही, माल बदलायचा आहे. असे सांगितले की बहुतेक जण ऐकतात. नाहीच ऐकले तर ग्रामपंचायतीचे पत्र आणि पुढे अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार.

पाकीट कसे वाचायचे हे पाचवीपासूनच्या मुलांना शिकवता येते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा पहिल्या तीन नावांत मैदा, साखर, पाम तेल आले की समजून जावे. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळते. २०० मिलिलिटर शीतपेयात साधारण २० ग्रॅमच्या वर साखर असते; तेवढी साखर चमच्याने पेल्यात घालून दाखवावी.

काही बिघडले तर

दोन-तीन मुलांना एकाच वेळी मळमळ, उलटी किंवा पोटदुखी झाली की वाढप तत्काळ थांबवावे. १०८ ला फोन करावा, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे, आणि मग पालक व केंद्रप्रमुख. पातेले रिकामे करू नये आणि भांडी घासू नयेत. उरलेले अन्न, बाजूला ठेवलेला नमुना, तेल आणि मसाल्याची पाकिटे कोठीत कुलूपबंद ठेवावीत, कारण नेमके काय बिघडले हे शोधायचा तोच एक मार्ग असतो. कोणी किती खाल्ले याची यादी करावी. ज्यांना अजून त्रास नाही तीही मुले डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घरी सोडू नयेत.

आहार बंद पडणे हीसुद्धा बिघाडाचीच एक जात आहे. १ मे २०२५ पासून तांदूळ सोडून इतर साहित्याचा दर प्राथमिकला ६.७८ आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये आहे, पण पैसे किंवा धान्य उशिरा येते. मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांनी अशा वेळी मुख्याध्यापकांना शाळेतला इतर उपलब्ध निधी तात्पुरता वापरून आहार चालू ठेवण्याची मुभा दिली आहे. रक्कम आली की ती परत भरायची. तरीही जेवण शिजलेच नाही तर त्या दिवसांचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला मिळायला हवा. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस आहार बंद राहिला तर जबाबदारी निश्चित करणे राज्यावर बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीने दर महिन्याच्या बैठकीत न शिजलेल्या दिवसांच्या तारखा आणि कारणे इतिवृत्तात लिहावीत. भत्ता मागताना हाच कागद लागतो.